भोंग्याची लाल ओळ

रत्नागिरीत सायबर कॅफे नवे होते, तेव्हा माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर रोज एक बाई बसायची. कीबोर्ड तेलकट होऊ नये म्हणून ती फणसाचे तळलेले गरे कपड्यांच्या चिमट्याने खायची. ती प्रोग्रॅम लिहायची; तिच्या पडद्यावर त्याची चालवून पाहिलेली ओळ हिरवी दिसे, न तपासलेली लाल.

"लाल म्हणजे चुकलेली?" मी विचारलं.

"माहीत नाही हो. म्हणून तर लाल. गॅस गळला की हा प्रोग्रॅम भोंगा वाजवणार, आणि भोंग्याचीच ओळ अजून लाल आहे."

मी एका कारखान्याने नाल्यात सोडलेल्या सांडपाण्यावर जळजळीत पत्रक लिहिलं होतं. ते दुसऱ्या दिवशी गावात वाटायचं होतं. तिने प्रिंट ओढून घेतली आणि लाल पेन काढलं.

"हजारो मासे मेले. तुम्ही बघितलेत?"

"मित्राने सांगितलं."

"लाल. अख्खा गाव आजारी?"

"तसं बोलतात."

"लाल. नाल्याला घाण वास येतो?"

"त्यात मी स्वतः पडलोय."

"मग ही हिरवी," ती गंभीरपणे म्हणाली.

एवढ्या मोठ्या पत्रकात तेवढीच एक ओळ लाल पेनातून सुटली. मी चिडलो, पण पत्रक वाटायला गेलो नाही. आठवडाभर नाल्याच्या काठाने हिंडलो, घरोघरी विचारलं. नवं पत्रक जेमतेम नऊ ओळींचं झालं.

पहिली प्रत तिला दिली. तिच्या पडद्यावर भोंग्याची ओळ आता हिरवी होती. तिने सवयीने पेन काढलं, सगळं वाचलं आणि टोपण न काढताच पेन परत ठेवलं. मग गऱ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला, चिमट्यासकट.