मनोरीचा भुईगेंद

मनोरीला जायचं ठरलं ते एका परत आलेल्या कागदामुळे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी.च्या परीक्षेसाठी वीस वनस्पती वाळवून, कागदावर लावून, नावानिशी द्यायच्या होत्या. विसावी मी जानेवारीत मनोरीच्या कातळावरून आणली होती. पानं झकास वाळली होती, पण बाईंनी कागद परत दिला. फूलच नाही, मग नाव कशावरून ठरवणार? मुदत दहा दिवसांची, आणि एकही वनस्पती कमी चालणार नव्हती.

मार्चमधल्या एका रविवारी निघाले. आई म्हणाली, मीही येते. चारकोपला राहायला आल्यापासून तिनं समुद्र पाहिला नव्हता. मला कटकट वाटली, पण डबा तीच भरणार होती.

मालाडहून बसने मार्वे, तिथून फेरीबोट. बोटीत आईचा चेहरा असा खुलला की मी पुस्तक मिटून तिच्याकडेच बघत बसले. पलीकडे गावामागच्या कातळावर चढायचं. तुम्ही गेलात तर दहाच्या आत पोचा, पाणी न्या आणि बूट घाला.

जमिनीलगत पसरलेली ती झाडं लगेच सापडली. शेंडे, पानांच्या बगला, सगळं भिंगाने पाहिलं. फुलाचा पत्ता नाही. तासाभरात मी रडकुंडीला आले. आईला मी सावलीत बस, मध्ये येऊ नकोस असं बजावलं होतं. ती डबा घेऊन आली आणि माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "वर कित्या शोधतंस गे? बुडात बघ."

बुडाशी वाळका, काटेरी गोळा होता. जानेवारीत तोच मी कचरा समजून कापून टाकला होता, कागद स्वच्छ दिसावा म्हणून. आता त्याच्या काट्यांतून इवलीशी पांढरट फुलं डोकावत होती, आत तपकिरी ठिपके. देवगडच्या कातळावर आई लहानपणी अनवाणी शेळ्या राखायची. ह्याचे काटे टाचेत किती वेळा गेले, ते तिनं हसत सांगितलं. मी भाकरी आणि जवळ्याची चटणी उभ्याउभ्याच खाल्ली, इतकी खूश होते.

घरी तो गोळा काही केल्या चपटा होईना. शेवटी आईनं वर पाटा ठेवला. ग्रंथालयातल्या पुस्तकात नाव सापडलं: भुईगेंद. बाईंनी कौतुकानं विचारलं, फूल कोणी शोधलं? मी म्हटलं, मी.

परीक्षेनंतर कागद घरी आले. आईनं भुईगेंदाच्या कागदाखाली चिकटवलेली नाव-ठिकाणाची चिठ्ठी सावकाश वाचली. शोधणाऱ्याच्या जागी एकटं माझं नाव होतं.

"अक्षर बरां इलाहा तुजां," ती म्हणाली.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. हे लिहायला बसण्याआधी मी पेन घेतलं आणि माझ्या नावाच्या वर तिचं घातलं. अक्षर तेवढं बरं आलं नाही.