शेंदरातली हत्ताजोडी

आधीच सांगते, मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. भूत, करणी, उतारा... असलं कोणी बोललं की माझं डोकं सणकतं. आजही सणकतं. पण हे माझ्यासमोर घडलंय. भर दुपारी, अमरावतीत, माझ्या सख्ख्या दिराच्या पूजा-साहित्याच्या दुकानात.

भाऊजी ‘हत्ताजोडी’ विकायचे. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी काळपट वस्तू, शेंदरात नि लवंगांत ठेवायची, म्हणे घरात बरकत येते. मुळी आहे म्हणून सांगायचे. मुळी कसली डोंबलाची! नर घोरपडीचं चिरून काढलेलं, वाळवलेलं लिंग आहे ते. मेळघाटाकडून कोणीतरी आणून द्यायचं. कायद्यात घोरपडीला वाघाइतकंच संरक्षण आहे, विकणारा तुरुंगात जातो... दहा वेळा समजावलं.

“वहिनी, काहून डोकं खाऊन राह्यल्या?” ते हसायचे. “मुळी हाय ते. डॉक्टर-वकील नेतेत, ते काय येडे हायेत?”

तेच तर! शिकलेले नेतात म्हणूनच अंगाची आग होते.

शेवटी मीच वनखात्याला कळवलं. हो, घरच्या माणसाची तक्रार केली, आणि मला त्याची लाज नाही. त्या दिवशी मुद्दाम दुकानात जाऊन बसले. भाऊजींनी एका बाईला दाखवायला स्टीलचा डबा उघडला. शेंदरात सात जोड्या, मी मोजल्या. बाई ‘विचार करून येते’ म्हणून गेली. भाऊजींनी झाकण घट्ट लावून डबा काचेच्या काउंटरवर ठेवला. मी समोरच्या स्टुलावरून उठले नाही, पाणीसुद्धा प्याले नाही. तासाभरात वनखात्याचे साहेब आले, सोबत दोन पंच.

भाऊजींचा चेहरा पांढराफटक. “वहिनी... तुमी?”

साहेबांनी झाकण काढलं. आत शेंदूर आणि लवंगा. बस. एकही जोडी नाही.

आणि काउंटरवर... शेंदराचे पंजे! पाच-पाच नख्या, मधून शेपटी ओढल्याची रेघ. डब्यापासून काचेच्या कडेपर्यंत, तिथून भिंतीवर सरळ वर, खिडकीपर्यंत. क्षणापूर्वी ती काच स्वच्छ होती, माझाच हात टेकला होता तिच्यावर. भाऊजी मागे सरकत थेट दुकानाच्या दाराशी गेले. नाटक नव्हतं ते, माणूस खरंच घाबरला होता.

साहेबांनी भिंतीवरच्या एका पंजाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, “मॅडम, पंचनाम्यात हे काय म्हणून लिहू? डब्यात शेंदूर मिळाला, एवढंच लिहिता येतं.”

झालं. भाऊजी सुटले. नवऱ्यानं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे. मला राग त्याचा नाही.

मला वाटलं, घाबरलाय माणूस, आता तरी सोडेल. कशाचं काय! आठवड्यात बोभाटा झाला — या दुकानातली हत्ताजोडी जिवंत आहे, चालते! अकोल्याहून गाड्या करून लोक यायला लागले. भाऊजींनी भिंतीवरच्या पंजांना काच बसवली, हार घातला. डबा पुन्हा भरलाय, आता मोठा आणलाय. मी परत फोन केला, तर साहेब म्हणाले, “मॅडम, या वेळी डब्यात असतील ना?”

त्या सात जोड्या गेल्या कुठे, कशा? मला आजही माहीत नाही. विज्ञानाची बाई असून सांगते, नाही माहीत.

परवा न राहवून त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि सगळ्यांदेखत ओरडले, “गेला तं गेला, पण त्या विकणाऱ्यालेच वाचवून गेला? अन् तिकडं मेळघाटात तुह्याच भावांले चिरून राह्यले लोकं!”

मागून एका बाईनं माझ्या खांद्याला हात लावला. “ताई, तुमचं दर्शन झालं असंन तं सरका ना थोडं. रांग लागली हाय.”