अण्णांच्या पलंगाशेजारचं स्टूल

इरा, नील, हे तुम्हाला फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुमच्या या आजीचा आवाज कापतो आणि मग तुमची आई घाबरते, म्हणून लिहिते आहे. आपल्या शेजारच्या निर्मला सिस्टर गेल्या, त्याला आता महिना होत आला. इरा, तिकडे बंगळूरला मिळालेली नर्सिंगची जागा घ्यायची, की डॉक्टर होण्यासाठी आणखी एक वर्ष परीक्षेची तयारी करायची, हे तू माझ्यामार्फत त्यांना विचारलं होतंस. प्रवेशाची मुदत संपायला आता फार दिवस नाहीत. तू गप्प असतेस, तुझे बाबा मोठ्याने बोलतात आणि मी इकडे औषधांच्या बाटल्या पुन्हा पुन्हा एका ओळीत लावत बसते...

त्यांना ठेवलं होतं त्या दवाखान्यात मी तुझा प्रश्न घेऊनच गेले होते. सिस्टर उशीला टेकून बसल्या होत्या. बोलताना धाप लागत होती. मी म्हटलं, "सिस्टर, आमच्या इराचं काय करायचं?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाल्या, "तिला काय वाटतं, ते विचारलंत का?"

"ती काही बोलतच नाही हो."

"मग उद्या फोन लावून द्या. मी बोलते तिच्याशी. आन् तुमी मधी बोलायचं न्हाई, बाई."

चेष्टेत असल्या किंवा घाबरल्या, की त्यांची आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडची बोली वर यायची. त्या दिवशी यातलं नेमकं काय होतं, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन चार्ज करून पिशवीत ठेवत होते, तेवढ्यात तो वाजला. त्यांच्या पुतण्याचा होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चालू आहे. त्या तुला काय म्हणाल्या असत्या? मला अंदाज बांधून बोलायला आवडत नाही. म्हणून मी जे स्वतः पाहिलं, तेवढंच सांगते.

सिस्टर अकोल्याच्या डोंगरातल्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. नर्सिंग शिकायला नगरला आल्या आणि पुढे इथेच नर्सिंगच्या मुलींना शिकवून निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान, अण्णा, नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होते. नोकरीत असतानाच ते आजारी पडले आणि तेव्हापासून आतल्या खोलीतल्या पलंगावर आहेत. उजवी बाजू गेली, बोलणंही बरंचसं गेलं. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा ते डाव्या हाताने तुम्हाला खडीसाखर द्यायचे, आठवतं? रविवारी सकाळी सिस्टरांकडे मुलं शिकायला यायची. कुणी नर्सिंगला जाणार, कुणी फार्मसीला, एखादं डॉक्टरकीला. मी इंग्रजीची शिक्षिका, म्हणून शरीरशास्त्रातले अवघड इंग्रजी शब्द मुलांना फोड करून सांगायला त्यांनी मला बोलावलं. पण दोन रविवार झाले नाहीत तोच म्हणाल्या, "बाई, तुमचं इंग्रजी राहू द्या. तुम्हाला कुरकुर करायची सवय आहे, तुम्ही पेशंट व्हा." मी खुर्चीत बसून कण्हायचे आणि मुलांनी समोरच्या बुटक्या लाकडी स्टुलावर बसून मला विचारायचं. उभं राहून विचारलेलं सिस्टरांना खपत नसे. "पेशंटच्या डोळ्यांच्या वर तुमचे डोळे नकोत," म्हणायच्या.

एका रविवारी त्यांनी मला कानात वाक्य सांगितलं आणि मी ते म्हटलं, "डॉक्टर, आमच्या मालकांच्या अंगावरून वारं गेलं हाय."

स्टुलावर ओंकार होता. इंग्रजी शाळेतला, अतिशय हुशार, एमबीबीएसला जागा मिळालेला. तो काळजीने म्हणाला, "मग खिडकी लावून घेत जा."

सगळी हसली. बेलापूर गावातली कविता तर ओढणी तोंडात धरून हसत होती. आतून अण्णांच्या हसण्याचाही आवाज आला, तो एका बाजूने फुटणारा. सिस्टर मात्र हसल्या नाहीत.

"कविता, तुला ठाऊक आहे का?"

तिचं हसू थांबलं. "व्हय. माझ्या आज्ज्याच्या अंगावरनं गेल्तं. एक हात, एक पाय हलायचाच न्हाई."

"मग हसू नको. सांग त्याला."

लकव्याला गावाकडे असं म्हणतात, हे तिने त्याला सांगितलं. सिस्टरांनी ओंकारला आत नेलं. "हे बघ, हे वारं गेलेलं. लाव आता खिडकी." पोरगं पांढरंफटक पडलं. अण्णांनी डाव्या हाताने त्याला खूण केली, बस. सिस्टर जरा मऊ झाल्या. "शब्द माहीत नव्हता, त्यात तुझी चूक नाही रे. माहीत नसताना तू सल्ला दिलास. नाही कळलं तर 'म्हणजे काय' असं विचारायचं. त्याने तुझी डिग्री कमी होत नाही."

इरा, तुझे पेशंट तर कन्नड बोलतील. तुला हे रोज विचारावं लागेल.

बाकी सल्लेही त्या द्यायच्या, आणि ते मला तुझ्यासाठी आता फार महत्त्वाचे वाटतात. हॉस्टेलला जाण्याआधी कोणत्या लसी घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारून त्या पुऱ्या कर. नखं बारीक ठेव. प्रवेशाच्या तारखा शेजारीपाजारी विचारू नकोस, कॉलेजच्या कार्यालयातच विचार. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एक सकाळ नुसती बाकावर बसून ये. आणि रात्रपाळीच्या आधी पोटभर जेव, रडू आलं तरी जेव.

पण तुझा प्रश्न यातला नाही, हे मला कळतं. तो कवितालाही पडला होता. डॉक्टरकीला तिचे गुण कमी पडले आणि तिचे वडील येऊन बसले. "सिस्टर, आमची पोरगी डागतरच व्हायची. नर्स म्हंजी लोकांचं उष्टं-खरकटं काढायचं."

मला वाटलं, आता सिस्टर भडकणार. त्या म्हणाल्या, "काढावं लागतंच की. तिला जमतंय का, बघू." आणि कविताला अण्णांकडे पाठवलं. त्यांचं अंग पुसायचं, चादर बदलायची, चहा पाजायचा. वडील बाहेर पाय हलवत बसले होते, मीही. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. सिस्टरांनी एवढंच विचारलं, "काय वाटलं?"

"वास आला. मळमळलं बी." ती वडिलांकडे न बघता बोलत होती. "पर चहा सांडला त्यांच्या अंगावर. उद्या येऊन नीट पाजते."

सिस्टर वडिलांकडे वळल्या. "झालं उत्तर. आता ही डॉक्टर होऊ दे न्हाईतर नर्स."

कविता नर्स झाली. परवा येऊन अण्णांची दाढी करून गेली.

म्हणून इरा, घे किंवा सोड, हे मी तुला सांगणार नाही. सिस्टरांनीही सांगितलं नसतं, असं मला वाटतं... आणि माझं हे वाटणं चुकीचं असेल या भीतीने मला झोप लागत नाही. मुदत संपायच्या आत एकदा इकडे ये. बाबांशी मी बोलते. आलीस की अण्णांना चहा पाज. त्यांना आधी बसतं करावं लागतं, मग डाव्या बाजूने चमच्याने चहा द्यायचा, घाई न करता. सिस्टर गेल्यापासून ते काहीतरी एकच म्हणत असतात, पुतण्याला कळत नाही, मलाही कळलेलं नाही. तू बसून त्यांना विचार.

अण्णा आहेत. त्यांच्या पलंगाशेजारी आता ते बुटकं स्टूल आहे.