मामीच्या हातचं मशीन

माझ्या मामाने उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. अजूनही कुणाच्या इमारतीत शिरला की तो आधी लिफ्टचा आवाज ऐकतो आणि मग ज्यांच्याकडे जायचंय त्यांची आठवण काढतो. त्याच्या मते जगात यंत्रांचे दोनच प्रकार आहेत, उघडून बघता येणारी आणि फसवी. अशा माणसाबरोबर दुकानं पालथी घालून घरासाठी एस्प्रेसो मशीन निवडायची पाळी माझ्यावर आली, आणि भाची म्हणून माझं कितीही कौतुक होत असलं तरी मी काही शांत स्वभावाची नाही.

मशीन हवं होतं मामीसाठी. मामी बसडेपोत तिकीट खिडकीवर नोकरीला होती. दुपारची सुट्टी झाली की डेपोसमोरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन उभ्याउभ्या एक एस्प्रेसो प्यायची. काळी, बिनसाखरेची, दोन-तीन घोटांत संपणारी. एवढ्याशा कपाला एवढं मोठं नाव कशाला, असं मामा म्हणायचा. तुम्हाला बादलीभर मिळाल्याशिवाय काही प्यायल्यासारखं वाटत नाही, असं मामी म्हणायची. त्यांचा संसार असा एकमेकांना टोमणे मारत चालला होता आणि मजेत चालला होता.

मग मामीला अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, पायही हळूहळू सावरला, उजवा हात मात्र रुसून बसला. वर उचलला जायचा, पण त्याला पकड म्हणून नव्हती आणि गरम-गारही धड कळत नव्हतं. व्यायाम शिकवायला येणारी बाई सांगून सांगून थकली की या हाताला काम द्या, नाहीतर तो आहे तिथेच राहील. मामी तिच्या समाधानासाठी रबरी चेंडू थोडा वेळ दाबायची आणि ती गेली की कोपऱ्यात भिरकावून द्यायची. कॉफीच्या दुकानात जाणंही तिने सोडलं. ओळखीच्या चार माणसांसमोर अंगावर सांडली तर, अशी भीती तिला होती. हे तिने मला एकदा सांगितलं, मामाला कधीच नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसायला लागली आणि मग बसूनच राहायला लागली.

मामाही बदलला. टोमण्याशिवाय ज्याचं वाक्य पुरं होत नव्हतं तो माणूस उठसूट छान म्हणायला लागला. मामीने टॉवेलची वाकडीतिकडी घडी घातली, छान. स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत गेली, वा, छान. जेवताना अंगावर घास सांडला तरी काही हरकत नाही, छान जेवलीस. मला ते ऐकवत नसे. मामी त्यावर काहीच बोलायची नाही, आणि मामीने उलट उत्तर न देणं यापेक्षा वाईट लक्षण त्या घरात दुसरं नव्हतं.

एक दिवस मामा माझ्याकडे आला आणि म्हणाला की आपण घरीच मशीन आणू, तिची ती कॉफी करून पिईल. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला कॉफीचं काहीच पडलेलं नव्हतं. मामीने त्या खुर्चीतून आपणहून उठावं, स्वयंपाकघरापर्यंत जावं, एवढंच त्याला हवं होतं. हे झालं नाही तर ती कायमची खिडकीत बसेल या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने मशीनचे गुण गायला सुरुवात केली. दाब किती, दुधाला फेस कसा येतो, रंग कोणकोणते. मामाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की यात सगळ्यात आधी काय बिघडतं. विक्रेता म्हणाला, काही बिघडत नाही. मामाने तिथल्या तिथे पाठ फिरवली. जो काही बिघडत नाही म्हणतो त्याने ते कधी उघडलेलं नाही, असं तो मला जिन्यावर समजावत होता. दुसऱ्या दुकानात त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मशीनच्या पाठीकडे वळला. व्यवस्थापक धावत आला तेव्हा मी या माणसाला ओळखत नसल्यासारखी मिक्सरच्या किमती वाचत उभी होते.

शेवटी कुणीतरी एका दुरुस्तीवाल्याचं नाव सुचवलं. हॉटेलांची कॉफी मशीनं त्याच्याकडे यायची, आणि ठीकठाक केलेली जुनी मशीनं तो विकायचाही. मामाचा प्रश्न ऐकून त्याचा चेहरा खुलला. आधी रबराचं वॉशर जातं, मग पंप, तो म्हणाला, आणि या दोघांच्या आधी पाण्याचा क्षार साचतो. क्षार वेळेवर काढा, सुटे भाग मिळतील असंच मशीन घ्या, बाकी चकचकाटावर जाऊ नका. मामाने विचारलं की दुरुस्तीला कधीच येत नाही असं मशीन कोणतं. जे कुणी वापरत नाही ते, दुरुस्तीवाला म्हणाला. त्या दोघांचं असं काही जमलं की मला बसायला स्टूल कुणी दिलं नाही.

त्याने आमच्यासमोर दोन मशीनं ठेवली. एक आपोआप चालणारं. वरून बिया ओतायच्या, बटण दाबायचं, दळण्यापासून कप भरण्यापर्यंत सगळं तेच करणार. दुसरं हाताने चालवायचं. त्याला लाकडी मुठीचा एक दांडा, दांड्याच्या टोकाला छोटी चाळणी. चाळणीत कॉफीची पूड भरायची, वरून घट्ट दाबायची, नाहीतर पाणी नुसतं आरपार जातं. मग दांडा मशीनच्या तोंडाला अडकवून फिरवून आवळायचा आणि कळ दाबायची. यात भाग कमी, त्यामुळे बिघाड कमी, वर्षानुवर्षं चालेल, असं दुरुस्तीवाल्याचं मत होतं. मामाने मान डोलावली आणि पहिलं घेतलं.

मला यात नवल वाटलं नाही. लिफ्टच्या धंद्यात त्याला पहिल्यापासून एकच गोष्ट शिकवलेली होती, माणसाच्या हातावर काही सोडायचं नाही. दार उघडं असेल तर कुणी कुठलंही बटण दाबो, लिफ्ट हलता कामा नये. माणूस दमलेला असतो, घाईत असतो, आजारी असतो, यंत्राने ते गृहीत धरायचं. याच हिशेबाने त्याने बायकोसाठी मशीन निवडलं. तिच्या हाताला कसलाही त्रास नको, भाजायला नको, सांडायला नको.

घरी आणल्यावरही त्याने ते लगेच मामीच्या ताब्यात दिलं नाही. मशीनला कान लावून नुसतं पाणी काढत बसला. आतला भाग काढला, धुतला, परत बसवला. पूर्ण खात्री पटल्यावर एका सकाळी तो मामीला हात धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला. तिने डाव्या हाताच्या बोटाने बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, दळलं आणि कपात दाट काळी कॉफी उतरली. मामी ती प्यायली, चांगली आहे म्हणाली आणि परत खुर्चीत येऊन बसली. मामा त्या दिवशी घरभर शीळ घालत फिरला.

पण दुसऱ्या दिवसापासून बटण मामाच दाबायला लागला. मामी उठेचना. तो कप नेऊन तिच्या हातात द्यायचा, ती प्यायची. त्याला वाटलं, चव जमत नसेल. त्याने बिया बदलल्या, दळण बारीक केलं, मग जाड केलं, दर वेळी तिच्यासमोर उभं राहून विचारायचा, आता कशी झालीय. छान, मामी म्हणायची. आता छान म्हणायची पाळी तिची होती. मशीन एकदाही बिघडलं नाही आणि मामी खिडकीतून हलली नाही.

एका रविवारी मी तिथे असताना हाच खेळ चालला होता. माझं डोकं फिरलं. मामीसमोर स्टूल ओढून बसले आणि तिला सरळ विचारलं की काय खुपतंय ते या माणसाला एकदा सांगून टाक.

मामीने कप खाली ठेवला. "बटण दाबलं की कुणीतरी काहीतरी आणून देतं, हे मी हॉस्पिटलात पुष्कळ केलंय. घरी पण तेच करू?"

मामाने तो कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "अगं, गरम पाणी असतं. भाजलं तर?"

"भाजलं तर ओरडेन. जीभ शाबूत आहे माझी."

त्याच आठवड्यात आम्ही तिघं दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मामी किती महिन्यांनी रस्त्यावर उतरली होती. ती सावकाश चालत होती आणि मामा तिला न शिवता तिच्या पाठीशी हात आडवा धरून चालत होता, तेही तिला कळत होतं आणि ती कळू देत नव्हती. दुकानात तिने दांड्याचं मशीन टेबलावर ठेवायला लावलं. डाव्या हाताने दांडा अडकवला आणि फिरवला. दांड्याबरोबर अख्खं मशीनच गर्रकन फिरलं. इथेच घोडं अडत होतं. एका हाताने आवळायचं तर दुसऱ्या हाताने मशीन धरून ठेवायला हवं.

मामाचे डोळे चमकले. यावर त्याच्याकडे उपाय तयार होता. ओट्याला भोकं पाडून मशीन बोल्टने पक्कं करून टाकायचं, मग धरायची गरजच नाही. बोलता बोलता त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि मशीनच्या बुडाचं माप घ्यायला वाकलाही.

"ठोकू नका हो," मामी म्हणाली. "मग या उजव्याला काय काम उरलं?"

तिने डाव्या हाताने उजवा हात उचलला, मशीनवर ठेवला आणि अंगाचा भार त्याच्यावर टाकला. त्या हाताला पकड नव्हती, पण वजन तर होतं. मग डाव्या हाताने दांडा फिरवला. मशीन थोडं सरकलं आणि थांबलं. दांडा अर्ध्यापर्यंत गेला, पुढे जाईना. मामाने पेन्सिल खिशात ठेवली आणि दुरुस्तीवाल्याला सांगितलं की हे बांधून द्या.

घरी आल्यावर त्याने मशीन तापवलं आणि आपला तळवा त्याच्यावर सगळीकडे टेकवून बघितला. वरचा पत्रा चटका देत होता. पाण्याच्या टाकीकडची बाजू मात्र कितीही वेळ चालवलं तरी गार राहत होती. हात इथे टेकवायचा, वर नाही, तुला कळायचं नाही म्हणून सांगतोय, असं त्याने तिला सांगितलं. त्याचा तळवा लाल झाला होता. बटणवालं मशीन त्याने माझ्या घरी पोचतं केलं आणि मी ते मुकाट्याने ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मामीने मामाला स्वयंपाकघराबाहेर काढलं. माझ्या खुर्चीत जाऊन बसा, म्हणाली. तो बसला. मी दारात उभी होते, आत बघायचं नाही अशी मलाही ताकीद होती. आधी चमचा पडला. मग डबा घसरला आणि काहीतरी फरशीवर पसरलं. मामा अर्धवट उठला, मी डोळे वटारले तेव्हा बसला. आतून मशीन ओट्यावर खरडल्याचा आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा आला. मग काहीच ऐकू येईना. ती गप्प का आहे, मामाने मला दबक्या आवाजात विचारलं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मलाही रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात पंपाची घरघर सुरू झाली.

मामी बाहेर आली. डाव्या हातात बशी, बशीत कप, आणि बशीच्या कडेला उजव्या हाताची बोटं कशीबशी टेकलेली. निम्मी कॉफी बशीत सांडली होती, पदरावर पूड होती, कपाळावर घाम होता. कप तिने मामासमोर ठेवला आणि ती उभीच राहिली.

"कशी झालीय?"

मामाने घोट घेतला. त्याच्या ओठांवर छान आलेलं मला स्पष्ट दिसलं. तो मामीकडे बघत राहिला. तीही त्याच्याकडेच बघत होती, नजर हलवत नव्हती. त्याने अजून एक घोट घेतला.

"पाणचट आहे," तो म्हणाला.

मामीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाच लागली. आजारपणानंतर ती हसलेली मी पहिल्यांदा बघत होते.

"दाबायला कमी पडले," ती म्हणाली. "थांबा, दुसरी करते."

ती परत आत गेली. मामा तिच्यामागून उठला नाही. खुर्चीतच बसून राहिला आणि ती पाणचट कॉफी, बशीतलीसुद्धा, सगळी प्यायला.