पडवीचा ताबा

शेणाने नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीचा वास पुष्कळांना मंगल वाटतो. त्यांना त्यातून अंगण आठवतं, रांगोळी आठवते, सणाची कोवळी सकाळ आठवते. मला तो वास सुडाचा वाटतो. कुठे तो नाकाशी आला की माझ्या मनात आजही एक खोल, काहीसं निर्लज्ज समाधान पसरतं, आणि डोळ्यांपुढे पावस गावाजवळच्या आमच्या घराची पडवी उभी राहते, वैशाखातल्या उन्हाची तिरपी तिरीप दारातून आत आलेली, आणि पाठमोरी, ओणवी, हाताने अर्धवर्तुळं रेखत उंबऱ्याकडे मागे मागे सरकणारी माझी आई.

बाबा सैन्यात सुभेदार होते. दर दोन-तीन वर्षांनी काळ्या पत्र्याच्या ट्रंकांवरचं जुन्या गावाचं नाव रंगाने पुसून त्यावर नवं नाव घातलं जायचं, आणि पठाणकोटच्या गुलाबी थंडीतून जबलपूरच्या धुळीत, तिथून आसामच्या चहाच्या हिरव्या दमटपणात आमचं बिऱ्हाड जायचं. त्यात सुखं नव्हती असं कसं म्हणू? शेजारच्या सरदारणी चाचीने विणलेले स्वेटर, छावणीच्या मैदानावरचा बँड, कोवळ्या उन्हात बसून सोललेली संत्री, हे सगळं त्या भटकण्यानेच दिलं. पण प्रत्येक जागा सोडताना एक विधी असे, आणि तो विधी मला लहानपणापासून बोचायचा. क्वार्टर रिकामं करायचं ते असं, की तिथे कुणी राहिलं होतं याची खूणसुद्धा उरता कामा नये. आई भिंतीतले खिळे पकडीने उपसायची, भोकांत टूथपेस्ट भरून वरून चुन्याचं बोट फिरवायची, फरशी घासायची, आणि मग बरॅकचा बाबू येऊन दिवे, नळ, खिडक्यांच्या काचा तपासून जागा ताब्यात घ्यायचा. त्याला काही खोट सापडली नाही, की आईच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचा अभिमान दिसायचा.

ऐंशी सालानंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत बाबांची बदली सरहद्दीवर झाली. तिथे बायकामुलांना मनाई, म्हणून आई, मी आणि माझी धाकटी बहीण रत्नागिरीकडच्या त्या घरी आलो. घर बाबांच्या वडिलांचं, जांभ्या चिऱ्यांचं. तिथे माझे धाकटे काका आणि काकू राहत असत. ‘घरी चाललो आहोत’ हे वाक्य त्या प्रवासात मी मनातल्या मनात कितीदा घोळवलं, त्याला सुमार नाही. इथे खिळा ठोकला तर कुणी उपसायला लावणार नव्हतं. बाबा तर प्रत्येक मुक्कामी त्या घराच्याच गोष्टी सांगत जगले होते. पेन्शन घेतली की तिथेच जायचं, हे त्यांचं इतकं पक्कं ठरलेलं, की त्यावर घरात कधी चर्चासुद्धा झाली नव्हती.

काकूने आम्हाला मागची पडवी दिली. माजघर भरलेलं आहे, म्हणाली. आईने ट्रंका भिंतीला लावल्या, खिळे ठोकले, त्यांवर कपडे अडकवले आणि काकूच्या बरोबरीने विहिरीवर, शेतावर, चुलीपुढे राबू लागली. काकू वाईट वागत होती असं नाही, ती आम्हाला नुसती सोसत होती. पहिली भाकरी तिच्या मुलांना, मग आम्हाला, तेवढंच.

मग फाल्गुन आला. सुरंगीच्या फुलांचा मादक गंध वाऱ्यावर होता, काजूच्या बोंडांवर लाली चढली होती, आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरू लागली. आमच्याकडची रीत अशी, की पालखी अंगणात टेकली की देवीची ओटी प्रथम घरच्या थोरल्या सुनेने भरायची. थोरली सून माझी आई. लग्न झाल्यापासून छावण्यांतून फिरताना तिला हा मान एकदाही मिळाला नव्हता. त्या दिवशी ती नऊवारी नेसून, सुपात खण, नारळ आणि तांदूळ घेऊन तुळशीपाशी उभी होती. ढोल थांबले. आई पुढे झाली, तोच काकू तिच्या आणि पालखीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

“वैनी, तुमी आज हायत, उद्या नाय,” ती सगळ्या वाडीसमोर म्हणाली. “वर्साची वर्सा मी भरतंय. घरच्यांना भरूंदे आदी.”

काका पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. मानकरी आकाशाकडे पाहू लागले. आई बाजूला सरली, आणि सगळ्या बायकांच्या शेवटी, गर्दी पांगत असताना, तिने ओटी भरली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते. सैन्यात जेवढ्या शिक्षा मी ऐकल्या होत्या तेवढ्या सगळ्या त्या दिवसापासून मी मनातल्या मनात काकूला देत असे. ती नारळ खवत असली की मी तिचं कोर्ट मार्शल चालवायचे, ती आमसुलं वाळत घालत असली की तिला भर उन्हात पाठीवर बोजा देऊन पळवायचे. राग अंगात लोणच्यासारखा मुरत होता. आई मात्र पूर्वीसारखीच राबत होती, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचा मला काकूहूनही अधिक संताप यायचा. तिच्या मनात काय शिजत होतं ते मला कुठे ठाऊक होतं!

पुढच्या वैशाखात बाबांना पुन्हा जबलपूर मिळालं, आणि क्वार्टरही. ते आम्हाला न्यायला आले. निघायच्या सकाळी ट्रंका घेऊन ते आणि काका रत्नागिरीच्या स्टँडवर पुढे गेले. आम्ही मागाहून जायचं होतं. घरात बायका तेवढ्या उरल्या. आईने पदर खोचला. पकड घेतली आणि पडवीतला एकूण एक खिळा उपसला. भोकं बुजवली, चुना फिरवला. धाकटीची उंची मोजायला दारावर मारलेल्या कोळशाच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. मग झाडू घेतला, कोपरान् कोपरा झाडला, आणि शेणाची पाटी घेऊन सारवायला बसली.

कुणी गावाला निघालं असताना त्याच्यामागे लगेच केर काढत नाहीत, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. आणि माणूस घराबाहेर पडताच त्याची जागा झाडून सारवतात, ती फक्त एकाच वेळी: घरातून मढं उचललं गेलं की.

काकू हातावर घालायला दह्याची वाटी घेऊन आली, आणि दारातच थबकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“वैनी, काय केलंत ह्या? भरल्या घरात कोणाच्या नावानं सारवलंत?”

आई उंबऱ्याबाहेर आली, हात धुतले, पदराला पुसले. छावणीत बाबूशी बोलायची त्या कोरड्या, नम्र आवाजात ती म्हणाली, “जागा ताब्यात घ्या, सुमन. खिळा ठेवलेला नाही, भोक दिसायचं नाही. काही मोडलं असेल तर आत्ताच सांगा.”

“असा नका करू ओ! भावोजींना काय सांगू मी?”

“त्यांना काही सांगायचं नाही,” आई म्हणाली. “आपल्या दोघींतलं आहे.”

काकूने वाटी पुढे केली. आईने हात पुढे केला नाही. काकूच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला इतका आनंद झाला होता की मी तो लपवलाही नाही. आई याच जिल्ह्यातली, संगमेश्वराकडची. तिला रीत ठाऊक नव्हती असं मी क्षणभरही मानलं नाही. आंबा घाट चढताना एस.टी.च्या खिडकीशी मी तिला विचारलंच, तर म्हणाली, “चार्ज देताना जागा स्वच्छ द्यावी लागते.” आणि खाली उतरत गेलेल्या, करवंदांनी गच्च भरलेल्या डोंगराकडे पाहून ती हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या दशकाच्या अखेरीस बाबांना पेन्शन मिळाली. आईने मुलींच्या कॉलेजचं, दवाखान्याचं, कोकणातल्या दमट हवेचं निमित्त काढलं आणि आम्ही पुण्यात राहिलो. बाबांनी थोडा वाद घातला, मग मान्य केलं. काकूने आईचं ऐकलं होतं, बाबांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना खरं कारण कधीच कळलं नाही. दर शिमग्याला ते एकटेच जात. जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर काकूचा निरोप येई, वैनींना पाठवा, ओटी त्यांनीच भरायची. आई तो निरोप ऐकून न ऐकल्यासारखं करी, आणि ती नि मी एकमेकींकडे बघून जिंकल्यासारख्या हसत असू.

असंच एकदा बाबा परत आले. चहा पिताना खुशीत होते. “काय आगतस्वागत करतात!” म्हणाले. “अंगणात पाऊल टाकलं की पायांवर गरम पाणी. बसायला खुर्ची, नवा टॉवेल, पहिलं ताट माझं. यंदा पालखीला खांदा द्यायला उठलो, तर धाकटा म्हणाला, दादा, तुम्ही बसा, तुम्हाला कशाला त्रास.”

आईचे लसूण सोलणारे हात थांबले. “झोपलात कुठे?”

“ओसरीवर. छान वारा येतो. पडवी ते उघडत नाहीत, का कोण जाणे, पेंढा भरून ठेवलाय.” मग त्यांनी दोरीने बांधलेली आंब्याची पेटी पुढे ओढली. “आणि ही बघ. पहिल्या तोडीची. रजेवर जायचो तेव्हा मी लावली ना, त्या कलमांची. नको नको म्हणत होतो, पण आग्रहाने दिली बिचाऱ्यांनी. मी दोघांचे आभार मानले.”

आपल्याच घरातून पाहुण्यासारखे परतलेले बाबा हसत होते. आई उठली, परात घेऊन आली, आणि पेंढ्यातून एकेक फळ काढून मांडू लागली. तिच्याकडे पाहायचं धाडस मला झालं नाही. काकूला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण त्या संध्याकाळपासून आई आणि मी पडवीची गोष्ट एकमेकींत काढत नाही, कारण शेजारच्या खोलीत बाबा असतात.