पळवाट

पौषातल्या पहाटेला एक वास असतो. रात्रभर दहिवराने भिजलेल्या काळ्या मातीचा, उभ्या ज्वारीच्या हिरव्या ताटांचा आणि कुठेतरी दूर, नुकत्याच पेटलेल्या चुलीतल्या तुराट्यांच्या धुराचा मिळून झालेला तो वास. चालणाऱ्याला तो थोडा थोडा भेटतो. पळणाऱ्याच्या छातीत मात्र तो एकदम भरतो आणि डोळ्यांत पाणी उभे करतो. तुम्ही कधी अशा वेळी उघड्या रानातल्या रस्त्याने पळाला आहात? कोणाच्या मागे नाही, कोणाच्या भीतीने नाही, गाडी चुकेल म्हणूनही नाही. नुसते, पळावेसे वाटले म्हणून?

मला हे वेड परभणीत लागले. शिक्षकाचे शिक्षण घेत असताना आम्ही काही मित्र सकाळी कृषी विद्यापीठाच्या शेतांमधल्या रस्त्यांवरून पळत असू. पुढे माझ्याच गावी, ताडकळसला, शाळेत नोकरी मिळाली. गाव तेच, घर तेच, पण पाय आता जुने राहिले नव्हते. एका हिवाळ्यात मी मनाचा हिय्या केला आणि पांढरे कॅनव्हासचे बूट चढवून पालमच्या रस्त्याला लागलो.

ते नामांतराचे दिवस होते. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यांवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा असत, आणि घरोघरी रेडिओवरच्या बातम्या जरा जास्तच कान देऊन ऐकल्या जात. अशा दिवसांत मोठा माणूस रस्त्याने पळताना दिसला की काहीतरी विपरीत घडले, एवढाच अर्थ गावाला ठाऊक होता. पहिल्याच सकाळी शेताकडे निघालेले एक म्हातारे काका हातातली किटली सांभाळत माझ्या बरोबरीने धावू लागले.

"काय झालं गुरुजी? कुठं काई पेटलं का?"

"काई न्हाई काका. नुसतं पळायलोय."

"ते दिसायलंय मला. पन कशापायी?"

"बरं वाटतंय."

काका थांबले. कमरेवर हात ठेवून, मी दृष्टीआड होईपर्यंत माझ्याकडे पाहत राहिले. "बरं वाटायला मानूस बसतंय जरा," एवढे त्यांचे शब्द मागून आले. आनंदाला कारण लागत नाही हे आपण सहज बोलून जातो. पण भर रस्त्यावर, धापा टाकत, ते दुसऱ्याला पटवून देणे किती अवघड असते!

हळूहळू गावाला माझी सवय झाली. माघात करडई पिवळीधमक फुलली, फाल्गुनात बांधावरचे पळस पेटले, चैत्रात लिंबाच्या मोहोराचा कडूगोड सुगंध रस्त्यावर उतरला. प्रत्येक ऋतूची पळायची एक वेगळी लय असते, हे मला त्या वर्षी उमगले. हिवाळा माणसाला पुढे ढकलतो, उन्हाळा त्याला लवकर उठवतो. पावसाळ्याची तऱ्हाच निराळी. रस्त्याच्या कडेला पाय घसरला, की काळी माती बुटाला अशी काही बिलगते, की आपण पळत नसून अख्खे वावर उचलून नेत आहोत असे वाटावे.

वैशाखात माझे लग्न झाले. पालमची महानंदा आमच्या घरात आली.

आमचे घर म्हणजे पुढे अप्पांचे किराणा दुकान आणि मागे खोल्या. अप्पा म्हणजे माझे वडील. पहाटे स्नान, कपाळावर विभूतीचे पट्टे, लिंगपूजा, आणि मग दिवसभर तराजू. बोलणे फक्त मापापुरते. घरात आई, दोन लहान बहिणी आणि येणारे-जाणारे असंख्य नातेवाईक. नवऱ्याने बायकोशी चार लोकांत बोलायचे नाही, हा अलिखित नियम. दोन महिन्यांत माझे आणि नंदाचे बोलणे झाले ते "चहा" आणि "ठेव तिथं" यांपलीकडे फारसे गेले नाही. रात्रीसुद्धा पलीकडच्या खोलीतला खोकला ऐकू येत असे, तिथे कुजबुजणार काय आणि कसे? माझी बायको हसते कशी, हेसुद्धा मला ठाऊक नव्हते.

श्रावण आला आणि आमच्या मदतीला महादेव धावून आला. गावाबाहेर, पालमच्या रस्त्यालगत त्याचे देऊळ होते. सोमवारी पहाटे बेल वाहायला नंदाला जायचे होते, आणि सोबत म्हणून आईने मलाच पाठवले. परत येताना रस्ता निर्मनुष्य होता. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेइतकी वाढलेली, बाभळी पिवळ्या गोंड्यांनी सजलेल्या. नंदा क्षणभर थांबली. तिने पुढे पाहिले, मागे पाहिले, पदर कमरेला घट्ट खोचला, चपला काढून हातात घेतल्या, आणि काही कळायच्या आत ती पळत सुटली! मी बूट घालून तिच्या मागे. गाठता गाठता दम निघाला. एका बाभळीखाली ती थांबली, वळली आणि मोठ्याने हसली. असे निर्मळ, मोकळे हसू! मी त्या घरात दोन महिने ज्याच्या शोधात होतो, ते इथे, रस्त्यावर, ओल्या गवतात उभे होते.

"शाळंत असताना माझ्या म्होरं कुनी जात नव्हतं," ती म्हणाली. लग्नानंतर तिने माझ्याशी बोललेले ते पहिले लांब वाक्य.

मग काय, सोमवारची भक्ती रोजची झाली. सुनेचा देवभाव पाहून आई कृतार्थ झाली. परभणीहून मी नंदासाठीही पांढरे बूट आणले. ते ती पिशवीत, बेलाच्या पानांखाली ठेवत असे. देवाला फसवले असे मात्र म्हणू नका. दर्शन आम्ही रोज मनापासून घेत होतो, आणि नंतरच पळत होतो. पळता पळता आम्ही एकमेकांना भेटत होतो. तिला कारल्याची भाजी आवडते, विजेची भीती वाटते, तिला पुढे शिकायचे होते, हे सारे मला रस्त्याने सांगितले. आमच्या संसाराची ती खरीखुरी पळवाट होती.

पण रस्त्याला डोळे असतात. पहाटेच्या एसटीतल्या उतारूंनी आम्हाला पाहिले, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी भर दुकानात कोणीतरी अप्पांना विचारले, "अप्पा, तुमचा लेक अन् सून रोज सकाळी कुनाच्या मागं लागायलेत?" दुकानातले सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. त्या रात्री ताटावर बसताना ते एवढेच म्हणाले, "उद्यापासून पळनं बंद."

बंद झाले. आश्विनातल्या त्या सकाळी मला अजून आठवतात. बाहेर कोवळे ऊन, मुगाची काढणी होऊन रान मोकळे झालेले, आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखे, आणि मी ओसरीत वर्तमानपत्र उलटे-सुलटे करत बसलेलो. नंदा घरात खाली मान घालून वावरायची. ते हसू कुठे गेले म्हणून विचारायची सोयही उरली नव्हती. वडिलांपुढे तोंड उघडायचे धैर्य मला झाले नाही.

ते धैर्य तिला झाले. दसऱ्यानंतर एका सकाळी अप्पांच्या पुढ्यात चहाची कपबशी ठेवून ती तिथेच उभी राहिली. मी दाराआड होतो.

"मामा, एक विचारू का? लोक काय म्हनतेत?"

अप्पांनी बशीतून मान वर केली. सून आपल्याशी बोलतेय, हेच त्यांना नवे होते. "म्हनतेत, अप्पाची सून पळायली."

"पळून जाती खरी मामा," नंदा शांतपणे म्हणाली, "पन पळत घरीच येती की."

अप्पांच्या मिशीखाली काहीतरी हलले. त्यांनी चहा संपवला. "दिवस बरे न्हाईत, बाई. रस्त्यानं काई झालं म्हंजी?"

"मंग तुमी चला की संगं."

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात सायकलची घंटी वाजली. बाहेर येऊन पाहतो तो अप्पा! कपाळावर ताजी विभूती, धोतर वर खोचलेले, डोक्याला मफलर, आणि हातात त्यांची जुनी काळी सायकल. "चला," ते म्हणाले, "म्होरं तुमी, मागं मी."

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे मी, माझ्यामागे नंदा, आणि तिच्यामागे पहारेकऱ्यासारखे अप्पा. आता कोणाची काय बिशाद होती काही बोलायची? सासराच सोबत म्हटल्यावर गावाची बोलतीच बंद झाली. तोंडे बंद झाली, पण आमचीही! सासऱ्याच्या देखत ती माझ्याशी बोलणार काय? मी मनातून खट्टू झालो. पळणे परत मिळाले आणि ज्यासाठी पळत होतो ते हरवले.

एक गोष्ट मात्र घडली. दुकानात मापापुरते बोलणारे अप्पा सायकलवर बसले की बोलू लागत. "तूर लय फुललीय औंदा." "ह्या बांधावर मी ल्हानपनी बोरं खाल्लेत." कधी ते भजन गुणगुणत. हा आवाज इतकी वर्षे कोणत्या पोत्यामागे ठेवला होता त्यांनी? आपल्या वडिलांना आपण जन्मभर पाहतो, पण तोंड एका दिशेला करून त्यांच्याबरोबर किती वेळा निघतो?

मार्गशीर्षात केव्हातरी, मोरी आली आणि मागून हाक आली, "व्हा म्होरं तुमी! चेन उतरली."

मी परत फिरू लागलो तसे ते ओरडले, "तू कशाला थांबायलास? पळता पळता थांबलं की पाय धरतेत. जावा, मी येतो." आम्ही पुढे गेलो. बाभळींपर्यंत दोघेच होतो. पुष्कळ दिवसांनी आम्ही बोललो. परतताना अप्पा मोरीवर बसलेले भेटले, सायकल शेजारी उभी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चेन उतरली. तिसऱ्या दिवशीही. जागा तीच, मोरीची. मला काळजी वाटली. सायकल मी बाजारातल्या दुकानात नेली. मिस्त्रीने पायडल गरगर फिरवून पाहिले. "चेनला काईच झालं न्हाई गुरुजी. लोखंड हाय, अजून तुमाला पुरून उरंल." मी तरी ती घट्ट करवून, तेल घालून आणली. दुसऱ्या सकाळी मोरी आली आणि मागून हाक आली, "व्हा म्होरं, उतरली बघ!" असले कसले हे मिस्त्री, असे मी रागाने नंदाला म्हटल्याचेही आठवते. ती खाली पाहून पळत राहिली.

तो हिवाळा गेला. चैत्रात नंदाला दिवस गेल्याचे कळले, आणि पळणे चालण्यावर आले. आता आम्ही इतके सावकाश जात असू, की मागे सायकलचा तोल सांभाळताना अप्पांची तारांबळ उडे. तरीही चेन उतरायची ती उतरायचीच. श्रावण सरता सरता ती बाळंतपणासाठी पालमला माहेरी गेली.

मग रस्त्यावर मी आणि अप्पा दोघेच उरलो. पहिल्या दिवशी मोरी आली, गेली. हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा झाला, पंधरवडा झाला. चिखलातून, खड्ड्यांतून ती जुनी सायकल माझ्यामागे अखंड, बिनतक्रार चालत राहिली. आणि एका सकाळी, पळता पळताच, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझा वेग आपोआप मंदावला. मागून अप्पांनी विचारले, "काय झालं रे?" काय सांगणार? हसू फुटत होते. "काई न्हाई," म्हणालो आणि पळत राहिलो. ज्या माणसाला मी आयुष्यभर तराजूच्या काट्याइतका कोरडा समजत होतो, त्याने रोजची सकाळ दोन जिवांना एकांत द्यायचा म्हणून थंडीत मोरीच्या गार दगडावर बसून घालवली होती, आणि तेही आपल्या सुनेला लाजवल्याशिवाय!

मुलगी झाल्याचा निरोप आला. मी पहिल्या एसटीने पालमला गेलो. बाळाला पाहून झाले, मंडळी बाहेर गेली, तशी मी नंदाला घाईघाईने ते गुपित सांगितले. मला वाटले होते ती चकित होईल. ती हसू लागली.

"तुमाला आता कळलं होय?"

"म्हंजे? तुला ठाऊक होतं?"

"पयल्याच दिवशी. चेन बसवलेल्या मानसाचे हात काळे होतेत. मामाचे हात अन् धोतर पांढरंफेक. मी घरी आल्यावर त्यांच्या हातावर पानी घालायचे, साबन द्यायचे. ते बी काई न बोलता खळाखळा हात धुवायचे."

इतके दिवस माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, स्वच्छ हात रोज धुतले जात होते! "मला का न्हाई सांगितलंस?"

बाळाची दुपटी सारखी करत ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी मागं वळून बघितलं असतं. अन् तुमी बघितलं असतं, तर मामा दुसऱ्या दिवशी आलेच नसते."

संक्रांत झाली, आणि एका धुकट सकाळी नंदा पुन्हा बूट घालून अंगणात उभी राहिली. बाळ माझ्या आईच्या कुशीत झोपले होते, त्याचे बारसे अजून व्हायचे होते. अप्पांनी घंटी वाजवली. करडई फुलू लागली होती, श्वासांची वाफ होत होती, आणि नंदा पूर्वीसारखी नाही, पण पळत होती. मोरीपाशी पोचलो, मागे ब्रेक करकरला, आणि हाक आली. मी मान जराही वळवली नाही. नंदा आणि मी धुक्यात शिरलो आणि बाभळींपर्यंत पोचेतो आम्ही आमच्या मुलीचे नाव ठरवून टाकले.