जीप आली की पळायचं नाही

वकीलकाकू अतिशय भित्र्या होत्या. मणिकर्णिकेपासून जवळच, पंचगंगा घाटालगतच्या आमच्या गल्लीत कोणाला हे खरं वाटलं नसतं, कारण कचेरीत त्यांचा आवाज खणखणीत. पण तारखेच्या आदल्या दिवसापासून त्यांना अन्न जात नसे. मऊ भात समोर घेऊन बसत आणि म्हणत, "पोटात गोळा आला नाही ना, तर समज मी काहीतरी विसरलेय."

वरुणा नदीपलीकडच्या, मुसहर या दलित जातीच्या वस्तीनं तर त्यांची झोप उडवली होती. तिथले पुरुष वीटभट्टीवर जात, बायका पत्रावळी लावत. पणजोबांपासून ही माणसं त्याच जागेवर राहत होती, पण जमीन नावावर नाही. पट्टा, म्हणजे जागेचा सरकारी कागद, मिळाला नाही तर झोपड्या हटणार, हे ठरलेलं. काकूंनी त्यांचा अर्ज लावून धरला होता.

लेखपाल, म्हणजे महाराष्ट्रातला तलाठी, पाहणीला आला तेव्हा वस्तीत चिटपाखरू नव्हतं. जीपचा आवाज ऐकताच सगळी शेजारच्या तुरीत पसार झाली होती. गावात कुठंही चोरी झाली की पोलीस आधी यांचीच माणसं उचलत, त्यामुळे पळणं अंगात मुरलेलं. इथे कोणी राहत नाही, असं लिहून लेखपाल परत गेला. काकूंनी जिवाचं रान करून दुसरी पाहणी मिळवली. तिसरी मिळणार नव्हती.

"जीप सुनत गोड़ अपने भागे लगेला, माई," फुलमती म्हणाली. आवाज ऐकताच पाय आपोआप पळतात.

"हो ना," काकू मला म्हणाल्या, "मग आता पायांनाच शिकवायला पाहिजे."

त्यांनी चक्क तालीम सुरू केली. माझा भाऊ सारनाथला पर्यटक नेतो, त्याची जीप मी आणायची आणि हॉर्न वाजवत वस्तीत शिरायचं. "तू साहेब. चेहरा जरा कडक कर, शाळेत पोरांपुढे करतेस तसा." चेहऱ्याची गरजच पडली नाही. हॉर्न वाजला आणि अंगणात पानं तेवढी उरली. पुढं पुढं काहीजणी डोळे मिटून का होईना, बसायला लागल्या. फुलमती मात्र दर खेपेला सगळ्यांत आधी तुरीत. बाहेर येऊन ती हसायची, आम्हीही हसायचो. काकू हसत नसत.

पाहणीच्या दिवशी त्या वस्तीत गेल्याच नाहीत. "मी दिसले तर म्हणतील, वकिलीणबाईंनी माणसं आणून बसवलीत." वळणावरच्या चहावाल्याकडे आम्ही बसलो. लेखपालाची जीप समोरून गेली. तिथून झोपड्या दिसत नव्हत्या, दिसत होती फक्त तूर आणि वस्तीत जाणारी पायवाट.

"तूर हलतेय का गं? ध्यान देऊन बघ. मला या चष्म्यातून काही कळत नाही."

तूर स्तब्ध होती. मग एकदम हलली. काकूंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. शेतातून फुलमती बाहेर पडली, डोक्यावर गवताचा भारा. ती गवताला गेली असताना जीप आली होती. तिनं भारा टाकला आणि जीव खाऊन धावत सुटली, पायवाटेनं, वस्तीकडे. काकूंनी मनगट सोडलं आणि चहावाल्यासमोरच रडू लागल्या.

निकाल लागायच्या आत लेकीनं त्यांना उपचारांसाठी पुण्याला नेलं. त्या परत आल्या नाहीत. मणिकर्णिकेच्या इतक्या जवळ जन्म काढून शेवटी पुण्यात वारल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

पट्टे मिळाले तेव्हा मी वस्तीत गेले. "माई के खबर कर दा," फुलमती म्हणाली. मग मला सांगावंच लागलं, की कळवायला काकू आता उरल्या नाहीत. ती कागद मांडीवर घेऊन बसून राहिली. बाकीच्याही बसल्या.

तेवढ्यात एक सरकारी जीप हॉर्न वाजवत वस्तीजवळून गेली. एकीनंही मान वर केली नाही. दचकून उभी राहिले ती मी एकटीच. हे बघायला काकू हव्या होत्या.